विंडोज पार बिघडलंय: दुरुस्त करत बसू की सरळ फॉरमॅट मारू?

टेबलाखालचा_टॉवर (राजारामपुरी, कोल्हापूर)

घरचा डेस्कटॉप आहे. आय-५ चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम (४-४ च्या दोन पट्ट्या), १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. वडील त्यावर टॅलीत दुकानाचा हिशेब ठेवतात आणि तालीम मंडळाची पत्रं, अहवाल मराठीत टाइप करतात. बाकी घरचे फोटो.

गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात दोनदा लाईट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळं दोन्ही वेळा मशीन चालू असतानाच बंद पडलं. तेव्हापासून स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्जची खिडकी येते आणि लगेच मिटते, अपडेट ०एक्स८००७३७१२ हा एरर देऊन थांबतं. दोन-तीन दिवसांतून एकदा निळी स्क्रीन येते, त्यावर क्रिटिकल प्रोसेस डाइड असं लिहिलेलं असतं. एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवलं, तर खराब फायली सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत म्हणतंय.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या दुकानदाराचं म्हणणं, "फॉरमॅट मारूया, डेटा डी ड्राइव्हला टाकतो, संध्याकाळी घेऊन जा." मला टॅली आणि बाकीची सगळी जोडणी पुन्हा करायचा कंटाळा आहे. आज रात्री चेकडिस्क स्लॅश आर (डिस्क तपासणारी विंडोजची आज्ञा) लावून झोपणार होतो. लावू का? आणि दुरुस्तीला किती वेळ द्यावा?

स्क्रूड्रायव्हर

भावा, चेकडिस्क आज लावू नको. बाकीचं नंतर.

स्लॅश आर लावलं की ते डिस्कचा एकूण एक सेक्टर वाचतं, आणि वाचता न आलेल्या जागी फायलींची मोडतोड करून फाइल सिस्टीम तेवढी सुसंगत करून ठेवतं. त्याला तुझ्या फायलींशी देणंघेणं नाही. डिस्क धडधाकट असेल तर हे चालतं. डिस्क जायला आली असेल तर रात्रभर तिला पळवल्यानं सकाळी ती उठेलच असं नाही, आणि फोटो फाउंड.००० नावाच्या फोल्डरात तुकडे होऊन पडलेले दिसतील.

दुरुस्ती की फॉरमॅट हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न डेटा दुसऱ्या डिस्कवर आहे का. दुसरा, विंडोज बिघडलं कशानं. कारण चार जागी शोधायचं: डिस्क, रॅम, वीज, व्हायरस. कारण तसंच ठेवून फॉरमॅट मारलास तर महिन्याभरात पुन्हा हाच धागा उघडशील.

दुकानदार डी ड्राइव्हला टाकतो म्हणतोय ना, तो बॅकअप नव्हे. सी आणि डी एकाच १ टीबी डिस्कचे दोन कप्पे आहेत. डिस्क गेली की दोन्ही जातात.

आता एवढंच कर. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हनं आण. इन्स्टॉल न करता चालणारी झिप मिळते, तीच घे, म्हणजे या डिस्कवर लिहिणं टळेल. उघडून ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथं टाक. शिवाय ०९ म्हणजे डिस्क किती तास चालली ते.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ ची पेन ड्राइव्ह बनव आणि तिच्यावरून मशीन चालू कर. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, ८ जीबीला काही तास जातात. एकही चूक दिसली तरी ती रॅम नापास, "दोनच एरर आहेत" असं म्हणायचं नाही. मग एकेक पट्टी काढून वेगवेगळी तपास. पट्टी काढण्याआधी वायर उपटून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धर. सोनेरी पट्टीवरून पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरव, कीस झटकून परत बसव. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात एवढ्यानंही पुष्कळ मशिनं सुधारतात. रॅम खराब असताना नवीन विंडोज टाकलं तर कॉपी होता होताच फायली बिघडतात, आणि लोक सीडीला नाहीतर पेन ड्राइव्हला शिव्या घालत बसतात.

कट_वेगळा_द्या

वरच्यांशी सहमत. पण समजा डिस्क आणि रॅम दोन्ही पास झाल्या, तर फॉरमॅटची घाई करू नका. तुमची लक्षणं बघता हे दुरुस्त होण्यातलं आहे. तो ८००७३७१२ एरर म्हणजे विंडोज आपल्या सुट्या भागांचा जो साठा ठेवतं तोच खराब झालाय. एसएफसी दुरुस्तीचा माल त्याच साठ्यातून घेतं. गोदामातलाच माल कुजलेला, मग दुकानात चांगला कुठून येणार? म्हणून आधी गोदाम, मग एसएफसी.

गोदामाची दुरुस्ती डिझम ही विंडोजचीच आज्ञा करते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा (स्टार्ट मेनू चालत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, तिथून नवीन टास्क) आणि डिझमला ऑनलाइन, क्लीनअप-इमेज, रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द प्रत्येकी तिरकी रेघ देऊन द्यायचे. इंटरनेट चालू हवं. ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ अडकल्यासारखं दिसतं, खिडकी बंद करू नका. ते झालं की एसएफसी, रीस्टार्ट, परत एसएफसी. दुसऱ्यांदा "काही सापडलं नाही" आलं पाहिजे.

डिझमनंही सोर्स मिळत नाही म्हटलं तर रिपेअर इन्स्टॉल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० ची आयएसओ (आख्खं विंडोज बसवायची एकच फाइल) घ्या, चालू विंडोजमध्येच तिच्यावर डबल क्लिक करा आणि आतलं सेटअप चालवा. "फायली आणि ॲप्स ठेवा" हा पर्याय निवडा. विंडोज सगळं नवं बसतं, टॅली-बिली जागच्या जागी राहतं. सी वर किमान २० जीबी मोकळी ठेवा. साध्या हार्ड डिस्कवर दीड-दोन तास धरा.

इथं लोक दोन ठिकाणी अडकतात. एक, पेन ड्राइव्हवरून बूट करून हे करायला जातात. तिथं ॲप्स ठेवायचा पर्यायच नसतो, विंडोज चालू असतानाच आतून सेटअप चालवावं लागतं. दोन, तो पर्याय फिकट दिसतो, दाबताच येत नाही. कारण बहुतेक वेळा भाषेचं असतं. मशीनवर इंग्लिश इंटरनॅशनल आणि आयएसओ इंग्लिश युनायटेड स्टेट्स, किंवा उलटं. डिझमला ऑनलाइन, गेट-इंटल दिलं की डिफॉल्ट सिस्टीम भाषा दिसते. ईएन-जीबी असेल तर इंटरनॅशनलची आयएसओ, ईएन-यूएस असेल तर साधी इंग्लिश. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, हेही जुळायला हवं.

"रीसेट धिस पीसी" मात्र अशा मशीनवर टाळा. लोकल रीसेट त्याच कुजक्या साठ्यातून विंडोज उभं करायला बघतं आणि अर्ध्यात "रीसेट करताना अडचण आली" म्हणून मागं फिरतं. करायचंच झालं तर क्लाउड डाउनलोड निवडा, सुमारे ४ जीबी डेटा लागतो. ॲप्स त्यातही जातातच, मग फायदा काय?

पंचगंगा_काठ

कट भाऊ, रिपेअर इन्स्टॉल चांगलंच आहे, पण त्याला मर्यादा घाला. डिझम, एसएफसी, रिपेअर इन्स्टॉल ही तीन पायऱ्या एका दुपारी होतात. त्यापुढं रजिस्ट्री उकरणं, एकेक डीएलएल शोधून चिकटवणं, "पीसी फिक्सर" नावाची फुकटी सॉफ्टवेअरं टाकणं, हे सगळं वेळ खातं आणि शेवटी फॉरमॅटच होतो. क्लीन इन्स्टॉलला (सगळं पुसून नवं विंडोज) अर्धा-पाऊण तास, ड्रायव्हर-अपडेटला दोन तास, सॉफ्टवेअरला एक संध्याकाळ. त्यात पुढं काय होणार ते तरी ठाऊक असतं.

आणि एका प्रसंगात दुरुस्तीचा विचारच नको: व्हायरस. त्यातही फुकटचा ॲक्टिव्हेटर वापरून विंडोज किंवा ऑफिस "चालू" केलेलं असेल तर. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस संरक्षणाच्या सेटिंग्जमध्ये एक्सक्लूजनची (तपासणीतून वगळलेल्या जागांची) यादी बघा. तिथं आख्खा सी ड्राइव्ह किंवा तुम्ही न टाकलेली फोल्डरं दिसली, तर कुणीतरी पहारेकऱ्याला आंधळं करून ठेवलंय. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन साधारण पंधरा मिनिटांत होतो, तो करा, पण तो "स्वच्छ" म्हणाला म्हणून त्या विंडोजवर बँकेचं काम करू नका. रिपेअर इन्स्टॉल प्रोग्रॅम ठेवतं, म्हणजे नको तेही ठेवतं. अशा वेळी सगळी पार्टिशनं उडवून नवीन इन्स्टॉल, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हनं सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील तर घाबरू नका, फायली नुसत्या लपवलेल्या असतात. बॅकअप घेताना मात्र ते शॉर्टकट सोबत नेऊ नका.

शाईपेन

फॉरमॅटच्या आधी काय काय उचलायचं यावर कुणीच बोललं नाही, आणि नंतरची रडारड तिथंच असते. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो सगळ्यांनाच आठवतात. राहतं ते हे.

मराठी फॉन्ट. वडील तालमीचे अहवाल टाइप करतात म्हणालात. जुनं टायपिंग श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत असेल, तर फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की फाइल शाबूत असून आत नुसती खिचडी दिसते. विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स हे फोल्डर पूर्ण कॉपी करा. पण तेवढ्यावर थांबू नका. विंडोज १० मध्ये नुसत्या एका युजरसाठी टाकलेले फॉन्ट त्या युजरच्या ॲपडेटात, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या मार्गावर बसतात. ॲपडेटा लपवलेलं असतं, व्ह्यूमध्ये हिडन आयटम्सवर खूण केल्याशिवाय दिसत नाही. शक्य तर वडिलांच्या दोन-चार महत्त्वाच्या फायली आत्ताच पीडीएफ करून ठेवा, म्हणजे फॉन्ट परत बसवल्यावर जोडाक्षरं बरोबर येतात का ते पडताळता येईल. श्री-लिपीचं डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी किल्ली) असेल तर ते टेबलाच्या खणात शोधून ठेवा.

टॅली. प्राइम असेल तर डेटा बहुधा सी मध्ये युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा इथं असतो, आणि प्रत्येक कंपनीचं नुसत्या आकड्यांच्या नावाचं एक फोल्डर असतं. नक्की मार्ग टॅलीतच कंपनी निवडायच्या पडद्यावर दिसतो. टॅली बंद करून आख्खं फोल्डर उचला, शिवाय टॅलीतूनही एक बॅकअप घ्या. आणि विंडोज पुसण्याआधी लायसन्स सरेंडर (टॅलीतूनच परत) करायला विसरू नका, नाहीतर नव्या इन्स्टॉलेशनवर ते चालू करताना अडतं.

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन असेल तर सही टोकनमध्येच असते, ती जात नाही. त्याचा ड्रायव्हर तेवढा लागतो. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवलेली पीएसटी फाइल. क्रोमचे पासवर्ड सिंक नसतील तर एक्स्पोर्ट करून घ्या, मात्र ती फाइल उघड्या अक्षरांत असते, काम झालं की पुसा.

आणि लॅपटॉपवाल्यांसाठी: डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही डेटा मिळत नाही.

टेबलाखालचा_टॉवर

सगळ्यांचे आभार. चेकडिस्क लावलं नाही. मेमटेस्टच्या चार फेऱ्या झाल्या, चूक शून्य. ॲक्टिव्हेटर वगैरे नाही, विंडोज ओरिजिनल आहे, एक्सक्लूजनची यादी रिकामी. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा पडलाय, कॉशन म्हणतोय. आकडे: ०५ समोर ८, सी५ समोर ३०, सी६ समोर शून्य, सी७ समोर १२, आणि वर तास ३१ हजारच्या आसपास. ३० म्हणजे फार नाहीत ना? शाईपेन ताई, फॉन्टचं डोक्यातच नव्हतं. फायली श्री-लिपीतच आहेत.

स्क्रूड्रायव्हर

३० नाहीत, ४८ आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फो ते आकडे सोळाच्या पायात दाखवतं, त्यातले ३० म्हणजे आपले ४८. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यू दहाच्या पायात करता येतात. सी७ चे १२ म्हणजे १८, ते डिस्क आणि बोर्डमधल्या केबलचं दुखणं असतं. साटा केबल बदल. तो आकडा शून्यावर परत येत नाही, वाढायचा थांबला की बास.

सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. लिहिताना वीज गेली तर असे थोडे सेक्टर चांगल्या डिस्कवरही तयार होतात, पुन्हा लिहिलं की निवळतात. तेवढंच असतं तर थांबून बघ म्हटलं असतं. पण ०५ मध्ये ८ आहेत, म्हणजे डिस्कनं खराब जागा बाद करून राखीव जागा वापरायला सुरुवात केलीय. त्यात ३१ हजार तास. ही डिस्क आता विंडोज ठेवायच्या लायकीची नाही.

दुकानदाराचा फॉरमॅट इथंच फसवतो. झटपट फॉरमॅट त्या सेक्टरांना हातच लावत नाही, त्यामुळं दुखणं तसंच राहतं. पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडं लिहिलं जातं, सी५ शून्यावर येऊ शकतो, मशीन पळायला लागतं, सगळे खूश. ०५ चा आकडा मात्र हळूच वर चढलेला असतो.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दुरुस्ती नाही, या डिस्कवर फॉरमॅटही नाही. नवी एसएसडी, तिच्यावर क्लीन इन्स्टॉल. टॅली आत्ता उघडत असेल तर लायसन्स सरेंडर तेवढं करून घे आणि मशीन बंद कर. त्यानंतर या डिस्कवरून विंडोज चालू करू नको. विंडोज नुसतं उभं असलं तरी सतत काहीतरी लिहीत असतं.

डेटा असा काढ. दुसऱ्या मशीनवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टीमची आयएसओ (सुमारे ३ जीबी) रूफस सॉफ्टवेअरनं ८ जीबी पेन ड्राइव्हवर टाक. त्यावरून बूट कर, इन्स्टॉल करू नको, नुसतं लाइव्ह चालव. बाहेरची डिस्क १ टीबीपेक्षा मोठी घे, एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेली. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली असा निरोप आला तर छान, आपल्याला तेच हवंय.

आधी लहान आणि मोलाचं: टॅलीचं फोल्डर, दोन्ही जागचे फॉन्ट, वडिलांच्या फायली. मग फोटो, वर्षावर्षानं. एखाद्या फाइलवर कॉपी अडकून कुरकुर आवाज आला तर ती वगळ आणि पुढं जा. तिथं दहा वेळा "परत प्रयत्न करा" दाबणं म्हणजे मरत्या डिस्कला धाप लागेपर्यंत पळवणं.

वगळलेल्यांसाठी शेवटी डीडीरेस्क्यू, खराब डिस्कवरून डेटा काढणारं लिनक्सचं साधन. पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, आज्ञा मात्र डीडीरेस्क्यू. आधी एलएसबीएलके देऊन कुठली डिस्क एसडीए आणि कुठली एसडीबी ते आकारावरून दोनदा बघ. उलटं दिलंस तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर ओतली जाईल. पहिली फेरी वजा-एन लावून, म्हणजे सहज वाचता येतं ते आधी निघतं. दुसरी वजा-आर ३ लावून, अडलेल्या जागांसाठी. मॅपफाइलचं (कुठवर वाचलं याची नोंद) नाव द्यायला विसरू नको, आणि ती बाहेरच्या डिस्कवरच ठेव. लाईट गेली तरी काम राहिल्या जागेपासून सुरू होतं.

पंचगंगा_काठ

एसएसडी घेताना अडीच इंची साटा, ५०० जीबी पुरे. डेस्कटॉपला सोबत साडेतीन इंची खाच असलेली पट्टी आणि एक जादा साटा केबल मागा. पॉवरची मोकळी पिन एसएमपीएसला (मशीनला वीज देणाऱ्या डब्याला) आहे का ते खोकं उघडून आधी बघा.

इन्स्टॉल करताना जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज बूटचा भाग कधी कधी जुन्या डिस्कवरच टाकतं, आणि ती काढली की नवीन मशीन उठत नाही. बूट मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसेल, यूईएफआय लिहिलेली निवडा. नेटवर्कचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवा, तो नसेल तर बाकीचे उतरवणार कशावरून? प्रॉडक्ट की विचारली तर "माझ्याकडे की नाही" म्हणा आणि पूर्वीचीच आवृत्ती निवडा. लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं, डिस्क बदलली तरी इंटरनेट लागल्यावर चालू होतं.

विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही, इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २२एच२ आवृत्ती असेल तर अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा, घरगुती मशीनला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यानंतर या टॉवरवर टॅली चालवा, पण बँक दुसऱ्या मशीनवर.

यूपीएसची बॅटरी आधी बदला. घरगुती ६०० व्हीएला बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची लागते, तरी जुनीवरचा आकडा वाचून तीच आणा. बोर्डवरचा सीआर२०३२ सेलही त्याच फेरीत घ्या. तो मेला असेल तर वीज गेल्यावर तारीख मागं जाते, वेबसाइट सर्टिफिकेटची तक्रार करतात आणि लोक विंडोजला दोष देतात.

टेबलाखालचा_टॉवर

लायसन्स सरेंडर केलं, टॉवरची वायर काढून ठेवलीय. मिंटची पेन ड्राइव्ह शेजारच्या लॅपटॉपवर बनवतोय. जुनी डिस्क नंतर भंगारात दिली तर चालेल का?

शाईपेन

लगेच नको. नव्या मशीनवर टॅलीची कंपनी उघडून शेवटची नोंद बघा, अहवालाची पीडीएफ केली असेल तर फाइल तिच्याशी ताडून बघा, प्रत्येक वर्षातले चार-दोन फोटो उघडून बघा. यादीत नाव दिसतं आणि फाइल शून्य केबी असते, असं होतं. महिनाभर डिस्कवर तारीख लिहून कपाटात ठेवा. मग भंगारात द्यायची तर झाकण उघडून आतल्या चकत्यांना ड्रिलनं दोन-तीन भोकं पाडून द्या. चष्मा लावा, काही डिस्कांच्या चकत्या काचेच्या असतात.